जादा आढळलेलं जाकीट

तपासनिसांना सकाळी स्कूटरवर थंडी वाजत होती. मूळ प्रकरण एवढंच, बाकी सगळी पुरवणी.

साधा माणूस अशा वेळी दुकानात जातो, हाताला लागेल ते गरम कापड अंगावर चढवतो आणि घरी येऊन बायकोची बोलणी खातो. तपासनीस साधे नव्हते. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या भांडारातला माल नोंदवहीशी ताडून बघायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. खुर्ची असो, पंखा असो, बादली असो, उलटी करून तिच्या बुडाचा क्रमांक वाचल्याशिवाय ती वस्तू या जगात आहे असं ते मानत नसत. मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी बशीसुद्धा उलटी करून पाहिली होती. तिच्यात चहा होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही, सासऱ्यांच्या मांडीच्या आलं. तरीही मुलगी मिळाली, यावर सासरची मंडळी अजून हळहळतात.

निवृत्तीला एक महिना उरला होता. एकतीस वर्षांत त्यांच्या वहीत एकही नग ना कमी निघाला, ना जादा. लोक नातवंडांचे फोटो खिशात बाळगतात, तपासनीस आपल्या वहीच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स बाळगत. त्यावर एकच ओळ होती : "कमी निरंक, जादा निरंक." निरोपाच्या दिवशी साहेबलोकांसमोर हीच ओळ वाचून दाखवायची आणि खाली बसायचं, भाषण नको, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"दोन स्वेटर घाला एकावर एक," बायको म्हणाली.

"एकाच कामाला दोन नग? कारण द्यावं लागेल."

"थंडी, हे कारण नाही होय?"

खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले तेवढ्यात वर्तमानपत्र परत करायला आले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि समोरच्याला काय दिसत नाही ते सांगायची त्यांना धंद्याने सवय लागली होती. ते म्हणाले, "वैमानिकाचं जाकीट घ्या. जुन्या लढाईतलं असतं ना, मेंढीच्या कातड्याचं, आत लोकर, बाहेर चामडं. हल्ली तस्सं हुबेहूब शिवून मिळतं. ते लोक वीस हजार फुटांवर गारठ्यात बसायचे. तुमची स्कूटर किती उंचावरून जाते?"

"पुलावरून जाते."

"मग झालं तर!"

तपासनिसांना विचार पटला. पण तीन नमुने पाहिल्याशिवाय खरेदी करायची नाही, हा नियम. त्यांनी मोठा कागद आणून चौदा रकान्यांचा तुलनात्मक तक्ता आखला : वजन, लोकरीची लांबी, टाके दर इंची, चेनीचा आवाज, कॉलर, वास, इत्यादी. तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पुढचे आठ दिवस घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवली.

पहिला नमुना एका चकचकीत दुकानात होता. मऊ, हलका, अंगात घालताच सुटसुटीत. पण अस्तरावर छोटी छोटी विमानं छापलेली. तपासनीस विक्रेत्याला म्हणाले, "वैमानिकाला जाकिटात विमानाचं चित्र कशाला? तो बसलाच होता ना खऱ्यात?" विक्रेत्याने हे प्रशिक्षणात शिकलेलं नव्हतं. तो पाणी आणायला म्हणून गेला आणि परत आला नाही.

दुसरा नमुना पार्सलने आला. त्याच्यावर चिठ्ठी होती, 'मशीनमध्ये धुता येते.' तपासनिसांनी वासाच्या रकान्यात 'प्लास्टिकची मेंढी' असं लिहिलं. शिवाय डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब. बायको म्हणाली, "एका हाताला जास्त थंडी वाजत असेल त्या वैमानिकाच्या." पार्सल परत गेलं. ते परत पाठवायला एक अर्ज, दोन फोटो आणि तीन फोन लागले. त्यातला एक फोन चुकून पार्सलवाल्याच्या आईला लागला. ती माउली बिचारी म्हणाली, "तो धड उत्तर देत नाही, मलाही देत नाही."

तिसरा नमुना शिंप्यांच्या गल्लीत, एका बोळवजा दुकानात होता. दुकानदार बारीक, चाळिशीचा, डोळ्यांत श्रद्धाळू माणसाची चमक. जुन्या फौजी कपड्यांच्या हुबेहूब प्रती करणं हा त्याचा धंदा नव्हता, ते त्याचं व्रत होतं. धंदा असता तर दुकानात दुसरी खुर्ची असती.

"कुठल्या सालचं हवं?" त्याने विचारलं.

"यंदाचंच द्या. जुना माल नको."

दुकानदाराने क्षणभर डोळे मिटले, जवळचं कुणी वारल्यासारखे. मग त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, "साल म्हणजे नमुन्याचं साल हो, काका. लढाईच्या सुरुवातीला पाठ एका अखंड कातड्याची असायची. पुढे कातडी मिळेनात, मग चार तुकडे जोडून पाठ शिवायला लागले. मी दोन्ही करतो."

"मग ते चार तुकड्यांचं स्वस्त असेल."

"नाही, महाग आहे. त्यातली टंचाई अस्सल आहे."

तपासनिसांनी आपल्या मापाचं म्हणून मोठं, मग लहान, मग मधलं अशी तिन्ही घालून पाहिली. मधलं छातीला बसलं, पण कमरेच्या चांगलं वर संपलं, आणि शर्टाची पट्टी खाली लोंबायला लागली.

"आखूड आहे."

"उभे आहात म्हणून. बसा बघू."

ते बसले. जाकीट चपखल बसलं.

"वैमानिक उभा कधी राहतो, काका?"

"त्याचं मला माहीत नाही. मी राहतो. बँकेत."

सौदा इथेच मोडायचा, पण तेवढ्यात सवयीने तपासनिसांनी जाकीट काढून उलटं केलं. आतल्या बाजूला, मानेपाशी, कापडाची पट्टी शिवलेली होती. तिच्यावर फिकट काळ्या शाईत भांडार क्रमांक, तिरकी रेघ, गठ्ठा क्रमांक, तिरकी रेघ, साल. खाली 'सरकारी मालमत्ता. खासगी विक्रीस मनाई.' आणि कोपऱ्यात, अर्धवट पुसट, माल तपासणाऱ्याची आद्याक्षरं.

तपासनिसांनी पट्टी उजेडाकडे धरली.

"हे... तुम्ही केलंत?"

"मूळ जाकिटावरून, जसंच्या तसं. शाई फिकी दिसावी म्हणून पट्टी दोन रात्री चहाच्या पाण्यात भिजवतो."

एखादा माणूस डोळ्यांवर भाळतो, एखादा आवाजावर. तपासनीस शिक्क्यावर भाळले. त्यांनी उरलेली दोन जाकिटंही उलटी करून पाहिली. रेघांचा तिरकेपणा बरोबर होता. क्रमांकांचा क्रम बरोबर होता. कुठेतरी, कधीतरी, आपल्यासारखाच कुणी एक माणूस थंडीत कुडकुडत हजारो जाकिटं उलटी करत बसला असेल आणि प्रत्येकावर त्याने सही केली असेल, या विचाराने त्यांनी त्या आद्याक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं. तक्त्यातले तेरा रकाने एकीकडे आणि हा एक एकीकडे. साडेतीन किलो वजन, न वळणाऱ्या बाह्या, उघडी कंबर, सगळं त्यांनी पदरात घेतलं.

घरी बायकोने वास घेतला आणि विचारलं, "बाकीची मेंढी कुठाय?"

"असली लोकर आहे. तुला काय कळतंय?"

"अहो, जरा मान वळवून बोला माझ्याशी."

मान वळेना. कॉलर कानांच्या वर उभी होती. तपासनीस अख्खेच वळले, कपाट वळवावं तसे. मग बायकोने वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगितला, तर हात खांद्याच्या वर जाईनात. तपासनिसांनी शांतपणे तक्त्यात पंधरावा रकाना आखला : 'घरकामापासून संरक्षण' आणि त्यात पैकीच्या पैकी गुण दिले.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात, फाटकापाशी, दूधवाल्याच्या रांगेत एकच प्रश्न, "खरं आहे का हो हे?"

"अगदी मूळ नमुन्याबरहुकूम शिवलेलं," असं तपासनीस प्रामाणिकपणे सांगत. पण कॉलर एवढी उंच होती की 'अगदी मूळ' एवढंच बाहेर यायचं आणि पुढचं लोकरीत मुरायचं. त्यांनी दुरुस्ती केली नाही. खोटी नोंद करणं हा गुन्हा आहे, नोंदच न करणं ही फार तर दिरंगाई, असं त्यांनी मनाशी ठरवलं. चार दिवसांत त्यांचे एक काका विमानात होते असं लोक म्हणायला लागले. सहाव्या दिवशी त्या काकांनी एक पूल पाडला. पूल कुठला, यावर चष्मेवाल्यांचं आणि दूधवाल्याचं वाजलं.

सोमवारी तपासनीस जाकीट घालून कचेरीत गेले.

दिवस छान गेला. टायपिस्ट बाईंनी लोकरीवरून हात फिरवला. भांडारपालांनी, म्हणजे ज्यांच्या ताब्यात भांडार होतं आणि ज्यांच्या तीन क्रमांक पुसलेल्या बादल्यांबद्दल तपासनिसांनी त्यांना सहा वर्षं पत्रं पाठवली होती त्या गृहस्थांनी, फारच गोड आवाजात विचारलं, "कुठल्या लढाईतलं हो, साहेब?"

"लढायांचं काय, एकीतून दुसरी निघते," तपासनीस म्हणाले आणि कॉलर वर केली.

संध्याकाळी फाटकापाशी पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"साहेब, कोट उघडा."

इथे थोडं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एक कर्मचारी सभागृहाचा नऊ वार पडदा अंगाला गुंडाळून, वर कोट चढवून बाहेर पडताना पकडला गेला होता. थंडीने फुगलो म्हणाला. त्यानंतर तपासनिसांनी परिपत्रक काढलं होतं : बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने कोट उघडून दाखवावा. सरकारी शिक्का असलेली कुठलीही वस्तू, मग ती कुणाचीही असो, फाटकाचा पास असल्याशिवाय बाहेर जाऊ नये. वस्तू रात्रभर फाटकावर राहिल्यास ती भांडारात जमा करून तिची नोंद घ्यावी.

"अरे, मीच आहे ना," तपासनीस म्हणाले.

"परिपत्रकात 'मीच'ला सूट नाही, साहेब. मला पाठ आहे. तुम्ही तोंडी परीक्षा घेतली होती."

जाकीट उघडलं. पहारेकऱ्याने पट्टी वाचली. ओठ हलवत, बोट ठेवत, शिकवल्याप्रमाणे. "सरकारी मालमत्ता. पास?"

"माझं स्वतःचं आहे. विकत घेतलंय!"

"इथं तर लिहिलंय, विक्रीस मनाई."

तपासनिसांना राग यायला हवा होता, पण आला तो अभिमानच. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांचं परिपत्रक शब्दाला शब्द पाळत होतं. दुर्दैव इतकंच की ते त्यांच्यावरच पाळत होतं. त्यांनी जाकीट काढून दिलं, पोचपावती मागितली, तिच्यावरची तारीख तपासली, आणि शर्टात दोन वर्तमानपत्रं खोचून स्कूटर सुरू केली.

दार उघडताच बायकोने विचारलं, "हा खरखर आवाज कसला?"

"पोटावर खेळाचं पान आहे. पाठीवर अग्रलेख."

"आणि जाकीट?"

तपासनीस जोरात शिंकले. अग्रलेख खाली पडला.

सकाळी ते कचेरीत पोचले तेव्हा भांडारपाल नोंदवही उघडून, पेनाचं टोपण काढून, हसऱ्या चेहऱ्याने बसले होते. इतक्या वर्षांत ते वेळेवर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. वहीत ताजी ओळ होती : 'जाकीट, मेंढीचे, सरकारी शिक्क्याचे, एक नग. जादा आढळले.'

"जादा!" तपासनिसांनी ती ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली.

वाचकांपैकी जे भांडारात नोकरीला नाहीत त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. माल कमी निघाला तर कुणीतरी चोर असतो, आणि चोर पकडता येतो. जादा निघाला तर वहीच खोटी असते. 'जादा निरंक' ही ओळ त्या क्षणी मेली.

साहेबांच्या खुर्चीवर नव्याने आलेल्या मॅडम होत्या. हुशार होत्या, पण त्यांच्या टेबलावर एकशे बारा फायली होत्या आणि ही एकशे तेरावी.

"तपासनीस साहेब, एकच सांगा. हे खरं आहे की नकली?"

तपासनिसांनी खिडकीबाहेर पाहिलं. दारात टायपिस्ट बाई, दोन शिपाई आणि भांडारपाल कान देऊन उभे होते. काका, पूल, सगळं त्यांना आठवलं.

"खरं म्हटलं तर?"

"तर सरकारी माल तुमच्या अंगावर कसा आला, याची चौकशी."

"आणि नकली म्हटलं तर?"

"तर सरकारी शिक्का खोटा कुणी मारला, याची."

"तिसरं काही?"

"'अनिर्णित' असा शेरा मारता येतो. पण मग तुमचा ना-हरकत दाखला अडकतो. दाखला नाही, तर निवृत्तीचे कागद नाहीत. आणि महिनाअखेर नोकरीही नाही. म्हणजे तुम्ही ना इथे, ना घरी."

"अधांतरी," मागून भांडारपाल म्हणाले. "वैमानिकासारखे."

समिती नेमायची ठरली. समितीला तज्ज्ञ लागतो. तपासनिसांनी घरी येऊन कपाळाला हात लावला, तेव्हा चष्मेवाले म्हणाले, "तुमच्या डोक्यावर तज्ज्ञ राहतोय आणि तुम्हाला दिसत नाही! वरचे आजोबा आयुष्यभर विमानदळात होते. जिना कसा चढतात पाहिलंत ना, ताठ?"

आजोबा तयार झाले. चष्मेवाल्यांनी त्यांना स्वतः रिक्षाने कचेरीत आणलं. समितीपुढे ते ताठ बसले, बूट चमकत होते. भांडारपालांनी सुद्धा नकळत पाय जुळवले.

"आपला हुद्दा?" मॅडमनी विचारलं.

"आचारी."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

"विमानतळाच्या भटारखान्यात सव्वीस वर्षं काढली," आजोबा म्हणाले. "ही असली जुनी जाकिटं वैमानिक मंडळी लढाईनंतरही कितीतरी वर्षं वापरायची. भिजली की माझ्या चुलीपाशी टांगायची. पावसाळ्यात एका वेळी चाळीस-चाळीस. एका हाताने आमटी ढवळायची आणि दुसऱ्या हाताने जाकिटं उलटी करायची, करपू नयेत म्हणून. माझ्याइतकी जाकिटं कुठल्या सेनापतीने पाहिली नसतील. आणा इकडे."

त्यांनी जाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. कॉलर नाकाशी धरली, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला.

"नकली."

"नुसत्या वासावरून?"

"याला मेंढीचा वास येतोय, बाई. खऱ्याला माणसाचा यायचा." आजोबा थोडं थांबले. "आणि कांद्याचा. तो माझ्यामुळे."

दारातून खुसखुस ऐकू आली. "पूल गेला," टायपिस्ट बाई हळूच म्हणाल्या. तपासनिसांचे कान लाल झाले. कॉलर समितीच्या ताब्यात होती, त्यामुळे लपवायची सोयही नव्हती.

भांडारपाल पुढे सरसावले. "म्हणजे मॅडम, शिक्का बनावट! तसं लिहू का? नाव कुणाचं घालू?"

त्यांनी 'कुणाचं' हा शब्द इतक्या प्रेमाने उच्चारला की तपासनीस उठून उभे राहिले. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मालाची साक्ष दिली होती.

"भिंग आणा," ते म्हणाले.

भिंग चष्मेवाल्यांच्या खिशातच होतं. तपासनीस पट्टीवर वाकले. खरं तर त्यांना बघायची गरज नव्हती. ती गोष्ट त्यांनी दुकानातच पाहिली होती. मोठं, लहान, मधलं अशी तिन्ही जाकिटं उलटी केली तेव्हा तिन्हींवर एकच क्रमांक होता. पाहिला होता आणि तक्त्यात लिहिला नव्हता. प्रेमात पडलेला माणूस एखादा रकाना रिकामा सोडतोच.

"मॅडम," ते म्हणाले, आणि आवाज थोडा चिरकला, "हे घेतलं त्या दुकानातल्या प्रत्येक जाकिटावर हाच क्रमांक आहे. एक नग, एक क्रमांक, हा पहिला नियम. तीन नगांवर एक क्रमांक असेल, तर तो क्रमांक नव्हे. ज्याला क्रमांक नाही त्याची वही नाही. आणि ज्याच्या मागे वही नाही तो शिक्का कसा असेल? तो खराही नाही आणि खोटाही नाही."

"मग काय आहे?"

तपासनिसांनी पट्टीवरच्या त्या पुसट आद्याक्षरांकडे एकदा पाहिलं. थंडीत कुडकुडणारा तो दूरचा माणूस त्यांच्या मनातून उठून निघून गेला.

"नक्षी आहे," ते म्हणाले. "वेलबुट्टी."

मॅडमनी एकशे तेरावी फाइल झटकन ओढली. असं उत्तर त्यांना त्या खुर्चीत बसल्यापासून कुणी दिलं नव्हतं. शोधायला कुणी नाही, पकडायला कुणी नाही, चौकशी नाही. त्यांनी लिहिलं, 'नक्षीदार जाकीट, खासगी. नजरचुकीने जादा धरले. नोंद रद्द.' भांडारपालांना लाल शाईने स्वतःची ओळ स्वतःच खोडावी लागली. त्यांनी ती इतकी हळू खोडली की मॅडमना दोनदा घड्याळ बघावं लागलं. पण खोडली. कमी निरंक, जादा निरंक.

"आता फाटकाचा पास," तपासनीस म्हणाले. मॅडमनी छापील पास ओढला, फोनवर बोलता बोलता खुणा केल्या, सही ठोकली.

फाटकापाशी पहारेकऱ्याने पास दोन्ही बाजूंनी वाचला, जाकीट उघडून पाहिलं, पुन्हा पास वाचला.

"साहेब, यात दोन चौकोन आहेत. 'परत आणायचा माल' आणि 'परत न आणायचा माल'. मॅडमनी पहिल्यावर खूण केलीय."

तपासनिसांनी पास घेतला. खरंच. खूण पहिल्या चौकोनात होती, आणि खाली लिहिलं होतं : 'मुदत तीस दिवस.' चूक उघड होती. कुठल्याही दिवशी ते तसेच मागे फिरले असते, जिना चढले असते आणि चूक करणाऱ्याला दहा मिनिटं समजावलं असतं. पहारेकरी वाटच बघत होता.

तपासनिसांनी पासाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"पास वैध आहे," ते म्हणाले. "चेन लावतोस का जरा? माझे हात तिथपर्यंत पोचत नाहीत."

निवृत्तीचा समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. तपासनिसांनी ती एक ओळ वाचली आणि खाली बसले. टाळ्या बऱ्या पडल्या. जेवण संपल्यावर मॅडमनी मनापासून सुटकेचा श्वास सोडला.

पुढच्या महिन्यात बरोबर तिसाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, तपासनीस जाकीट घालून कचेरीत हजर झाले. माल परत आणला होता. तो मोजून घेतला गेला, एक नग, बरोबर, आणि जुना पास मॅडमच्या ड्रॉवरमध्ये जमा झाला. मग तो पुन्हा बाहेर न्यायचा म्हणून नवा पास करावा लागला. नवा पास जुन्याबरहुकूम करायचा असतो, त्यामुळे खूण पहिल्याच चौकोनात पडली. पास तयार होईपर्यंत तपासनीस मॅडमच्या समोरच्या खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि भिंतीवरचा पंखा कधी बदलला, जुन्याचं काय केलं, त्याचा क्रमांक कुठे गेला, असे साधेच प्रश्न विचारले. भांडारपाल त्या दिवशी जेवायला बाहेर गेले ते चारनंतर आले.

दुसऱ्या महिन्यात तपासनीस आले. तिसऱ्या महिन्यात आले. थंडी कधीच सरली होती. पाचव्या महिन्यात, ऊन असं की फाटकाचं लोखंड हाताला चटके देत होतं, तेव्हा पहारेकऱ्याला दूरवरून स्कूटर दिसली आणि तिच्यावर लोकरीची कॉलर. तपासनीस घामाने निथळत वर गेले, जाकीट टेबलावर ठेवलं आणि टेबलाखालच्या बादलीकडे वाकून तिचं बूड वाचलं.

"ही कुठली?" ते म्हणाले. "वहीत नाही ही."

मॅडमनी दोन्ही हात जोडले. त्यांनी ड्रॉवरमधून पहिला पास काढला, लाल पेन काढलं. "तपासनीस साहेब, चूक माझी होती. ती खूण मी खोडते. दुसऱ्या चौकोनात करते. आत्ता, या क्षणी. जाकीट तुमचं, कायमचं तुमचं. परत आणायचं नाही, कधीच आणायचं नाही!"

तपासनिसांनी रुमालाने मान पुसली, हळूच तो पास त्यांच्या हाताखालून काढून घेतला आणि खिशात ठेवला.

"खाडाखोड असलेला पास ग्राह्य नाही, मॅडम," ते म्हणाले, आणि बादली उजेडात नेली.